बोलक्या हातांसाठी आठ डिस्क

दुकानात नवीन माणूस आला की आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे भिंत आहे, भिंतीवर केबल टांगलेल्या आहेत. मग विचारतो, "मालक नाहीत का?" मी म्हणते, "आहेत ना, बोला." त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते बघण्यात माझी तीसेक वर्षं मजेत गेली.

घाटकोपर पश्चिमेला एका गल्लीत माझा छोटा गाळा आहे. कॉम्प्युटर जोडून देणं आणि बिघडलेले दुरुस्त करणं, हा माझा धंदा. हल्ली लोक लॅपटॉप नाहीतर फोनवरच भागवतात, त्यामुळे जोडून घेणारे थोडे उरले. गेम खेळणारी पोरं येतात, सिनेमा-सिरियलचं एडिटिंग करणारे येतात. आणि अधूनमधून एखादा असा येतो, ज्याला फक्त साठवायचं असतं. हे तिसऱ्या जातीचं गिऱ्हाईक मला सगळ्यात आवडतं, कारण त्यांच्याकडे गोष्टी असतात. बोरिवलीच्या एका काकांना, त्यांना आलेले सगळे 'शुभ सकाळ'चे फोटो जपून ठेवायचे होते. मी म्हटलं, "काका, हे परत कधी बघणार?" ते म्हणाले, "बघायचं कशाला? कोणीतरी आठवणीने पाठवलेत, पुसू कसे?" दिली मशीन जोडून.

घरचा स्टोरेज सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. एक मोठा डबा, त्यात बऱ्याच हार्ड डिस्क आणि त्यांना सांभाळणारा एक साधासुधा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन लागत नाही, कीबोर्ड लागत नाही. तो कोपऱ्यात चोवीस तास चालू राहतो आणि घरातल्या फोनवरून, टीव्हीवरून त्यातलं बघता येतं. लोक विचारतात, किती जीबीचा घेऊ? मी आधी विचारते, काय ठेवायचंय? ते गेलं तर किती रडाल? किती रडाल त्यावर मशीन ठरते.

शुभांगी गायकवाड पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझ्या मागे बघितलं नाही. थेट माझ्याकडे बघितलं आणि कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. पिशवीत सुट्या हार्ड डिस्क होत्या, प्रत्येक रुमालात नाहीतर जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली. मग फोनवर टाइप करून त्यांनी तो माझ्यासमोर धरला: 'मी डेफ आहे. हे सगळं एका ठिकाणी ठेवायचं आहे. पुन्हा काही हरवायला नको.'

मी मोठ्याने बोलायला लागले. आपण सगळे तेच करतो. त्यांनी हसून मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला.

विक्रोळीला एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर आयुष्य काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेलेला, घरात त्या आणि मुलगी अस्मिता. अस्मिताला ऐकू येतं. दुसऱ्या खेपेला ती बरोबर आली आणि आमचं बोलणं सुरू झालं. आई हातांनी बोलायची, मुलगी मला मराठीत सांगायची.

त्या पिशवीत काय होतं ते मला तेव्हा कळलं. शुभांगीताई आणि त्यांच्या ओळखीची डेफ मंडळी दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमायची. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवून शुभांगीताई त्यांच्या आठवणी टिपून घ्यायच्या. खुणा करू नयेत म्हणून शाळेत हात बांधून ठेवायचे त्या आठवणी. पहिली नोकरी, लग्न कसं जमलं, नुसत्या खाणाखुणांवर मुंबईत खोली कशी मिळवली, सगळं. परळ म्हणायचं तर जुनी मंडळी हाताने गिरणीची चिमणी उभी करतात आणि बोटांनी धूर काढतात. तरण्या पोरांना ती खूणच माहीत नाही.

"आमची भाषा कागदावर उतरत नाही," शुभांगीताईंनी सांगितलं. "तुमच्याकडे आजोबांची डायरी असते, पत्रं असतात. आमच्याकडे हात. माणूस गेला की हात गेले. व्हिडिओ हेच आमचं पुस्तक."

मग त्यांनी एक डिस्क वेगळी काढली. ती टेबलावरून पडली होती. तिच्यावर दिनकरकाका होते, गिरगावातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात ज्यांची हयात गेली. त्यांच्यासारखी गोष्ट सांगणारा या रविवारच्या मंडळात दुसरा नव्हता म्हणे. डिस्क पडली आणि त्याच पावसाळ्यात काकाही गेले. मी ती डिस्क तपासली, पुढे डेटा काढून देणाऱ्या जाणकारांकडेही पाठवली. आतली तबकडीच खरवडली गेली होती. काही मिळालं नाही.

मी ते सांगितलं तेव्हा शुभांगीताईंनी डिस्क परत घेतली. मग ती रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि हातांनी काहीतरी ठामपणे सांगितलं. अस्मिता म्हणाली, "आई म्हणतेय, बाकीच्यांचं सांगा."

बाकीच्यांचं मी असं सांगितलं. हार्ड डिस्क मरते. प्रत्येक मरते, प्रश्न फक्त कधीचा. म्हणून एकीवर विसंबायचं नाही, आठ एकत्र लावायच्या. त्यातली दोन डिस्कइतकी जागा साठवणीला वापरायची नाही, हिशेबाला ठेवायची. समजा, पाच पोरांच्या मार्कांची बेरीज मला ठाऊक आहे आणि एकाचे मार्क पुसले गेले. बाकीच्या चौघांचे वजा केले की त्याचे मिळतात. तसंच इथे. एखादी डिस्क गेली तर उरलेल्या हिशेब करून तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर परत लिहून काढतात. दोन गेल्या तरी निभावतं.

"पण मावशी, दोन डिस्कची जागा फुकट जाणार," अस्मिता म्हणाली. "एक ठेवली तर?"

"एक गेल्यावर तिचं परत लिहून काढायला दिवस-दीड दिवस लागतो. त्या वेळात बाकीच्या जीव तोडून पळत असतात. नेमकी तेव्हाच दुसरी धाप टाकते. मी बघितलंय."

शुभांगीताईंनी दोन बोटं वर केली. दोनच. विषय संपला.

डिस्क निवडतानाही माझे हट्ट असतात. काही डिस्कमध्ये जास्त माल मावावा म्हणून आतले पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. कोकणातल्या घरावर मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात ना, तसंच तिथे काही बदलून लिहायचं झालं की होतं. रोजच्या वापरात कळत नाही, पण परत लिहून काढायची वेळ आली की या डिस्क रडवतात. त्या नकोत. सगळ्या एकाच खोक्यातल्याही नकोत. एकाच दिवशी बनलेल्या एकाच सुमाराला आजारी पडण्याची भीती असते. आणि पॉवर सप्लाय चांगला हवा. आठ डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा पहिला हिसका मोठा बसतो. लोक दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करतात आणि पॉवर सप्लाय लंगडा घेतात. बैल दांडगे आणि जू मोडकं!

अडलं ते डब्यावर. एका ऑफिसने मोडीत काढलेला सर्व्हरचा डबा माझ्याकडे होता. पोलादी, दणकट, पुढून डिस्क ड्रॉवरसारख्या बाहेर निघायच्या. शुभांगीताईंना तो बघताक्षणी आवडला. कारखान्यातली बाई, तिला मजबूत काम लगेच कळतं.

मी म्हटलं, "पण याचे पंखे लहान आहेत आणि जाम ओरडतात. ऑफिसात वेगळ्या खोलीत ठेवायची वस्तू आहे ही."

अस्मिताने सांगितलं आणि दोघी मायलेकी हसत सुटल्या. शुभांगीताई म्हणाल्या, "डेफ असल्याचा एवढा तरी फायदा होऊ दे की!"

अस्मिता म्हणाली, "मी कानात इअरफोन घालून झोपते मावशी, द्या तुम्ही." आणि मग मीही हसले. डबा विक्रोळीला गेला. पॅसेजमधल्या भिंतीच्या कपाटात मी तो बसवला, कपाटाचं दार काढून जाळीचं लावून घेतलं. पिशवीतलं सगळं त्यात उतरवलं आणि घरी आले.

दुसऱ्याच दिवशी अस्मिताचा फोन. "मावशी, वाट लागली. तुम्ही या ना जरा."

मी पोचले तेव्हा दारात शेजारचे परबकाका उभे होते. मालवणचे, कापडगिरणीत मागावर काम केलेले, पांढरी बंडी, रागाने लाल झालेले. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत आणि कपाटाची भिंत एकच. मला बघून म्हणाले, "काय गो, पिठाची गिरण लावलंस काय हयसर? डोक्यात नुसती घरघर होता!" मग जरा शांत होऊन शहरी मराठीत म्हणाले, "साच्यांच्या आवाजात तीस वर्षं काढली हो. आता तरी शांत झोपू द्या."

चूक काहीच नव्हती त्यांची. मी मशीन बंद केली. ते गेल्यावर आत बघते तर शुभांगीताई पलंगाच्या कडेला बसून होत्या. चेहरा उतरलेला. मला वाटलं काकांवर चिडल्यात. तसं नव्हतं. त्या सावकाश बोलायला लागल्या आणि अस्मिता मला अडखळत सांगायला लागली.

"लहानपणापासून मला सगळे सांगतात, आवाज करू नकोस. दार हळू लाव. भांडं हळू ठेव. पाय घासू नकोस. अशी हसू नकोस. आवाज म्हणजे काय ते मला माहीतसुद्धा नाही. तरी जन्मभर मी त्याला घाबरून वागले. आणि आता माझ्याच घरात एवढा आवाज चालू होता, आणि मी खुशाल झोपले होते." थांबून त्या म्हणाल्या, "घेऊन जा ते. नको मला. डिस्क होत्या तशा पिशवीत राहू देत."

अस्मिता तोंडाने बोलत आईला हातांनी सांगायला लागली, "चूक माझीही आहे, मीपण हसले होते." आईने तिचे हात धरून खाली केले. डेफ माणसाचे हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. इथे उलटं चाललं होतं, आई लेकीला गप्प करत होती. मला तिथे उभं राहवेना.

मी फोनवर टाइप केलं: 'डिस्क नेत नाही. फक्त डबा नेते. रविवारपर्यंत थांबा.' त्यांनी वाचून फोन परत दिला. हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

माझ्या धंद्यात लोकांना वाटतं की खरी कारागिरी वेग वाढवण्यात आहे. मशीन गप्प करणं त्याहून अवघड. मी जुन्या पद्धतीचा एक ऐसपैस कॅबिनेट शोधला, उंच, रुंद, पुढची बाजू सगळी हवेला मोकळी. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जोरात पळावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. मोठा पंखा रमतगमत फिरतो. तळहातापेक्षा मोठे तीन पंखे लावले. प्रत्येक डिस्कच्या स्क्रूखाली रबर घातलं, म्हणजे तिची थरथर पत्र्यात उतरणार नाही. कॅबिनेटच्या पायाखाली जाड रबराचा तुकडा. कपाटात भिंतीपासून चार बोटं अंतर. प्रोसेसर मुद्दाम साधा, कमी तापणारा घेतला. व्हिडिओ नुसते ठेवायचे आणि दाखवायचे तर त्याला अक्कल कशाला जास्त हवी?

रविवारी मशीन चालू केली आणि मी परबकाकांना बोलावून आणलं. त्यांच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावायला सांगितलं. काकांनी कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चालू आहे?"

"चालू आहे."

"आज लाइट गेली असं वाटतंय हो."

शुभांगीताई दारातून काकांचा चेहरा बघत होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही.

मग मी ऐटीत शेवटची गोष्ट दाखवली. म्हटलं, "आणि डिस्क बिघडली की मशीन अशी पीं-पीं ओरडते." बटण दाबलं. अस्मिताने कपाळावर हात मारला. शुभांगीताईंनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि पोट धरून हसल्या. घरभर घुमेल असं मोठ्याने हसल्या, आणि मला ते बरं वाटलं.

त्यांच्या दाराच्या बेलला आवाज नाही, बेल दाबली की बाहेरच्या खोलीत पांढरा दिवा लुकलुकतो. आम्ही त्याच्या शेजारी एक लाल दिवा लावला आणि मशीनला जोडला. फोनवर संदेशही जाईल अशी सोय केली. मला उगाच वाटलं, म्हणून मी विचारलं, "पण तुम्हाला हात लावून कळेल ना, थरथर बदलली तर?" शुभांगीताई म्हणाल्या, "मी डेफ आहे ताई, जादूगार नाही. दिवा लावा."

त्यानंतर वर्षभर छान गेलं. मंडळात बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. मुलुंडच्या एक आजी आल्या, दिनकरकाकांच्या बरोबरीच्या. त्यांनी काकांची छापखान्याची गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही, काकांच्या ढंगात सांगितली, खिळे उचलताना त्यांची बोटं कशी पळायची तसं. पाहणाऱ्यांतले दोघे-तिघे रडत होते आणि हसतही होते. काका परत आले नाहीत. पण अगदीच गेलेही नाहीत.

आणि मग एका दुपारी मला संदेश आला. लाल दिवा लागला होता.

एक डिस्क गेली होती. त्यात नवल नाही, नवी डिस्क घेऊन मी विक्रोळीला गेले, बदलली, मशीन परत लिहून काढायच्या कामाला लागली. चहा प्यायले, घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काम अर्ध्यावर असताना आणखी एक डिस्क कुरकुरायला लागली. वाचताना अडखळत होती. मी पुन्हा गेले. बिल्डिंगच्या फलकावर नोटीस: मीटरच्या खोलीत दुरुस्ती, दुपारभर वीज बंद.

यूपीएस होता. पण तो वीज गेली तर मशीनला नीट आवरून झोपायला वेळ देतो, इतकंच. दुपारभर चालवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. मशीन बंद करून नंतर चालू करता आली असती. पण अडखळणारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच, याची खात्री कुणी देत नाही. ती गेली आणि मागोमाग तिसरी गेली, तर सगळी म्हातारी माणसं गेली. दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रत ठेवायला हवी हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, पण ते अजून व्हायचं होतं.

अस्मिता कामावर होती. मी शुभांगीताईंना फोनवर टाइप करून सगळं सांगितलं. त्यांनी वाचलं. मग उठल्या, पायात चप्पल सरकवली आणि थेट शेजारच्या दारात जाऊन परबकाकांची बेल दाबली. बोटाने छताकडचा दिवा दाखवला, तो विझल्याची खूण केली, मग आपल्या कपाटाकडे हात केला आणि काकांच्या दारामागच्या इन्व्हर्टरकडे बोट दाखवलं. ज्या माणसाची झोप आपण घालवली असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं, त्याच्याच दारात त्या मागायला उभ्या होत्या.

काका मला म्हणाले, "बंद पडली तर काय जाईल?"

"माणसं," मी म्हटलं.

"मग बघतेस काय, वायर आण!"

पॅसेजमधून लांबलचक एक्स्टेन्शन ओढली. काकांनी स्वतःच्या घरातले पंखे बंद केले, बॅटरी पुरावी म्हणून. मग एकट्याने उकडत बसण्यापेक्षा म्हणून आमच्याकडेच येऊन बसले. शुभांगीताईंनी फोनवर मुलुंडच्या आजी लावून दिल्या. मशीन मधूनच वाचून द्यायची, मधूनच अडायची, तेवढ्यापुरतं आम्ही तिला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं आणि फोनवर आधीच उतरवलेलंच बघितलं. काका चष्मा लावून बघत होते. आजी सासूची नक्कल करत होत्या. सांगायला अस्मिता नव्हती. तरी काका एकदम खो-खो हसले. "ही सासू मी ओळखतो!" म्हणाले. शुभांगीताईंना ते मी टाइप करून दाखवलं. त्यांनी काकांच्या पाठीवर एक थाप दिली.

संध्याकाळी वीज आली. थोड्या वेळाने पहिल्या डिस्कचं काम पुरं झालं. मग मी अडखळणारी बदलली आणि तिचंही दुसऱ्या दिवशी पुरं झालं. सगळं शाबूत. लाल दिवा विझला.

हे होऊन आता बरेच महिने झाले. दुसरी प्रत ठेवायची मशीनही आता तयार आहे, मानखुर्दला मंडळातल्या लताताईंच्या घरी. ती मी जोडली नाही. शुभांगीताईंनी जोडली. कारखान्यात घडलेले हात, माझ्यापेक्षा नेटक्या वायरी बांधल्या. भोवती मंडळातल्या सात-आठ जणी, मी स्टुलावर चहा घेऊन बसलेली. त्या त्यांना समजावून सांगत होत्या की आठ डिस्क कशाला, पंखे मोठे कशाला, कौलांवाल्या डिस्क का नको. त्यांच्या भाषेत यातल्या बऱ्याच गोष्टींना शब्दच नव्हते. तिथल्या तिथे तयार होत होते. कोणी एक खूण करून दाखवायची, बाकीच्या नाकं मुरडायच्या, दुसरी कोणी बदलून दाखवायची, असं चाललं होतं.

डिस्क गेली तरी तिच्यातलं परत कसं मिळतं, तिथे त्या बराच वेळ अडल्या. मार्कांची बेरीज कुणालाच आवडली नाही. शेवटी लताताईंनी हात वर केला. पाचही बोटं उभी. मधलं बोट मिटलं. बाकीची बोटं त्याच्याकडे झुकली, आणि त्यांच्यामधून ते हळूहळू परत उभं राहिलं. सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. ठरली खूण.

गेल्या आठवड्यात एक तरुण दुकानात आला. आधी माझ्या मागे बघितलं, मग मालक नाहीत का विचारलं, ते सगळं झालं. त्याला लेकीचे व्हिडिओ ठेवायला मशीन हवी होती. म्हणाला, "पण मॅडम, डिस्क गेली तर त्यातलं परत येतं कसं? मला काही हे पटत नाही."

मी बेरीज सांगायला तोंड उघडलं होतं. मग हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि पाच बोटं वर केली. त्याने नीट बघितलं. मग काउंटरवर पिशवी ठेवून स्वतःचा हात वर केला आणि मधलं बोट मिटून, करून बघायला लागला.